फाइट लुडविग फॉन झेकेनडोर्फ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सतराव्या शतकातल्या जर्मन संस्थानांच्या कारभाराचा विषय निघाला की एका माणसाबद्दल हमखास विचारणा होते. तो ना सेनापती होता, ना राजा. आयुष्यभर त्याने दरबारात नोकरी केली, मसुदे लिहिले, हिशेब तपासले, भांडणे मिटवली. त्याच्याविषयी पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न प्राथमिक आहेत, गुंतागुंतीचे पुढे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा सांगण्याऐवजी तिथे कुठे पाहायचे ते दिले आहे.

हा झेकेनडोर्फ नेमका कोण? थोडक्यात सांगा.

फ्रँकोनिया या दक्षिण जर्मन प्रदेशातल्या एका जुन्या सरदार घराण्यातला मुलगा. जन्म २० डिसेंबर १६२६, एर्लांगेनजवळच्या हेर्त्सोगेनाउराख गावी. हे गाव आज आदिदास आणि प्यूमा या दोन बूट-कंपन्यांमुळे जगाला माहीत आहे. आधी गोथाच्या आणि मग त्साइट्सच्या ड्यूककडे तो नोकरीला होता आणि दोन्हीकडे चॅन्सेलरपदापर्यंत, म्हणजे ड्यूकच्या कचेरीच्या प्रमुखपदापर्यंत, पोहोचला. संस्थानाचा कारभार कसा चालवावा यावर त्याने १६५६ मध्ये जर्मन भाषेत एक ग्रंथ लिहिला. तो पुढे शंभर वर्षे छापला जात होता. १८ डिसेंबर १६९२ रोजी हाले इथे त्याचे निधन झाले.

त्या काळी जर्मनी नावाचा देश तरी होता का? मग तो नोकरी कुणाची करत होता?

एकसंध देश नव्हता. पवित्र रोमन साम्राज्याच्या छत्राखाली शेकडो लहानमोठी संस्थाने, मुक्त शहरे आणि बिशपांचे प्रदेश होते. सम्राट व्हिएन्नात, पण कर, न्याय, शाळा, चर्च यांचा रोजचा कारभार संस्थानिकाच्या हातात. तीस वर्षांचे युद्ध (१६१८–१६४८) संपवणाऱ्या वेस्टफालियाच्या तहाने संस्थानिकांचे हे अधिकार आणखी पक्के झाले.

सॅक्सनीच्या राजघराण्याच्या दोन शाखा होत्या. एर्नेस्टाइन शाखेकडे थुरिंगियातले प्रदेश होते, तर ड्रेस्डेनच्या इलेक्टरची (सम्राट निवडण्याचा हक्क असलेल्या संस्थानिकाची) शाखा अल्बर्टाइन. गोथा पहिल्या शाखेत मोडते, त्साइट्स दुसऱ्या शाखेत. त्यामुळे झेकेनडोर्फची नोकरी या घराण्यातून त्या घराण्यात गेली, पण अंतर म्हणाल तर घोड्यावरून काही दिवसांचे.

त्याच्या वडिलांचा शिरच्छेद झाला होता, हे खरे आहे का?

खरे आहे. वडील योआखिम लुडविग तीस वर्षांच्या युद्धात सम्राटाविरुद्ध लढणाऱ्या स्वीडनच्या सैन्यात अधिकारी होते. सम्राटाच्या पक्षाशी त्यांनी गुप्तपणे बोलणी चालवल्याचे उघड झाले आणि ३ फेब्रुवारी १६४२ रोजी झाल्त्सवेडेल इथे त्यांना मृत्युदंड देण्यात आला. मुलगा तेव्हा १५ वर्षांचा होता.

यापुढची गोष्ट लोकांना जास्त चकित करते. ज्या सैन्याने वडिलांना मारले, त्याच सैन्यातल्या वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांनी मुलाच्या उच्च शिक्षणाचा खर्च उचलला. त्याच वर्षी तो स्ट्रासबुर्गच्या विद्यापीठात दाखल झाला आणि इतिहास व कायदा शिकला. त्या युद्धात पक्ष बदलणे ही गोष्ट रोजची होती, पण सोबत्याच्या पोराला वाऱ्यावर सोडायचे नाही हीही शिपाईगिरीची रीतच होती. माझ्या मते झेकेनडोर्फच्या पुढच्या सगळ्या लिखाणामागे हे वर्ष उभे आहे. तलवारीच्या राज्यात माणसाच्या जिवाची किंमत काय असते ते त्याने घरातच पाहिले, आणि आयुष्य घालवले ते नियमाने चालणारे राज्य उभे करण्यात.

गोथाच्या दरबारात तो पोहोचला कसा?

वडील हयात असतानाच. गोथाचा ड्यूक एर्न्स्ट याने या हुशार मुलाला लहानपणीच आश्रय दिला होता आणि त्याचे शालेय शिक्षण गोथाला झाले. स्ट्रासबुर्गचा अभ्यास संपल्यावर ड्यूकने त्याला दरबारात घेतले.

सुरुवातीच्या काळात ड्यूकच्या ग्रंथसंग्रहाचे काम त्याच्याकडे आले. मला त्याच्या चरित्रातला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. विशीतला तरुण, भोवती पुस्तके आणि दप्तरे, काम म्हणजे वाचायचे, टिपणे काढायची आणि ड्यूकला सांगायची. युरोपातल्या प्रमुख भाषा तो इथेच शिकला. चाळीस वर्षांनंतर त्याने जो मोठा इतिहासग्रंथ लिहिला, त्याच्या साहित्याची जमवाजमव या दिवसांतच सुरू झाली होती. (त्या ग्रंथाबद्दल पुढे मेंबूरचा प्रश्न पाहा.) ड्यूकने त्याच्यावर पैसे खर्च केले त्याहून जास्त वेळ खर्च केला, आणि त्याचे फळ दोघांनाही मिळाले.

त्याने कोणकोणती पदे भूषवली? क्रमाने सांगा.

गोथात दरबारी उमेदवारीपासून सुरुवात. १६५२ मध्ये महत्त्वाची न्यायविषयक पदे मिळाली आणि ड्यूकचा वकील म्हणून इतर दरबारांत जाणे सुरू झाले. १६५० च्या दशकाच्या उत्तरार्धात येना इथल्या न्यायालयात न्यायाधीश. त्यानंतर ड्यूकच्या अंतर्गत सल्लागारांत आणि खजिन्याच्या कामात त्याचे वजन वाढत गेले आणि शेवटी गोथाचा चॅन्सेलर झाला. १६६४ मध्ये गोथा सोडून त्साइट्सचा ड्यूक मोरित्स याच्याकडे चॅन्सेलर आणि चर्च-मंडळाचा, म्हणजे चर्चचा कारभार पाहणाऱ्या मंडळाचा, अध्यक्ष. १६८१ मध्ये मोरित्स वारल्यावर आल्टेनबुर्ग प्रदेशातल्या मॉइझेलवित्स या आपल्या जहागिरीत निवृत्ती. त्या प्रदेशातली काही कामे मात्र हाती राहिली. अखेरीस १६९२ मध्ये ब्रांडेनबुर्गच्या इलेक्टरच्या बोलावण्यावरून हालेच्या नव्या विद्यापीठाचा चॅन्सेलर.

सरदार घराण्यातला होता, मग नोकरी करायची गरज काय?

युद्धाने फ्रँकोनिया आणि थुरिंगिया होरपळून निघाले होते. शेते ओस, गावे रिकामी, जमिनीचे उत्पन्न बुडालेले. घराणे जुने असले तरी पोट जुन्या कागदांवर भरत नाही, आणि इथे तर वडीलही गेलेले.

पण केवळ पैशाचा प्रश्न नव्हता. त्या काळात कायदा शिकलेले मध्यमवर्गीय पदवीधर दरबारात पुढे येत होते. चॅन्सेलरसारख्या जागी कायद्याची जाण लागे, नुसते कुळ चालत नसे. सरदारांच्या मुलांपुढे दोन वाटा होत्या: शिकार, मेजवान्या, समारंभ सांभाळणारी मानाची पदे घ्यायची, नाहीतर मान मोडून अभ्यास करायचा. झेकेनडोर्फने दुसरी वाट धरली.

चॅन्सेलर, सल्लागार, खजिना, चर्च-मंडळ... हे लोक दिवसभर करत तरी काय?

एखादे उदाहरण धरून पाहू. समजा, जंगलालगतच्या गावकऱ्यांनी अर्ज केला की युद्धात जळालेली घरे पुन्हा बांधायला लाकूड हवे. जंगल ड्यूकच्या मालकीचे, म्हणून अर्ज आधी खजिन्याकडे जाणार. तिथले लोक वनाधिकाऱ्याला विचारणार की तोड किती परवडेल. गावाचा दावा असा असेल की या जंगलावर आमचा परंपरेने हक्क आहे, तर प्रकरण चॅन्सेलरच्या कचेरीकडे, म्हणजे न्यायाच्या बाजूला जाणार. जुने कागद काढले जाणार, साक्षी होणार. घरांबरोबर पाद्र्याचे घर किंवा शाळाही जळाली असेल तर चर्च-मंडळाचे मतही लागणार. हे सगळे ड्यूकच्या अंतर्गत सल्लागारांसमोर एकत्र येणार, तिथे चर्चा होणार आणि मग ड्यूकचा निर्णय. मसुदा, स्वच्छ प्रत, सही, शिक्का.

एका अर्जामागे इतके टेबल! पण यात एक शहाणपण आहे. निर्णय एकट्या माणसाच्या लहरीवर राहत नाही. मंडळात बसून, सगळ्यांची मते घेऊन ठरवायचे ही पद्धत जर्मन संस्थानांत रुजलेली होती आणि झेकेनडोर्फ तिचा खंदा पुरस्कर्ता होता.

ड्यूक एर्न्स्टच्या सुधारणांमध्ये याचा वाटा किती?

एर्न्स्टचा जन्म १६०१ चा. १६४० मध्ये वाटणीत त्याला गोथा मिळाले आणि १६७५ पर्यंत त्याने राज्य केले. इतिहासात तो 'धर्मनिष्ठ एर्न्स्ट' म्हणून ओळखला जातो. युद्ध चालू असतानाच त्याने संस्थानातल्या प्रत्येक गावाची धार्मिक आणि शैक्षणिक पाहणी करवली. १६४२ मध्ये शाळांसाठी नियमावली आली आणि मुलगे व मुली दोघांनाही शाळेत पाठवणे आईबापांवर बंधनकारक झाले. फ्रीडेनश्टाइन हा भव्य राजवाडा त्याने १६४३ पासून बांधायला घेतला. त्या नावातच शांतता आहे आणि वाड्याचे काम सुरू झाले तेव्हा ती अजून पाच वर्षे दूर होती.

तारखा बघा म्हणजे लक्षात येईल: शाळेची नियमावली आली तेव्हा झेकेनडोर्फ विद्यार्थी होता, त्यामुळे तिचे श्रेय त्याला देता येत नाही. ती आंद्रेआस राइहर या शिक्षणतज्ज्ञाची कामगिरी. झेकेनडोर्फचा वाटा दिसतो तो १६५० नंतर, न्यायव्यवस्था, महसूल आणि चर्चचे प्रशासन यांची घडी बसवताना. कल्पना ड्यूकची, आणि ती चालती करणाऱ्यांत पहिला हा.

१६५६ च्या त्या ग्रंथात एवढे काय आहे?

'टॉइचर फ्युर्स्टेनश्टाट', म्हणजे जर्मन संस्थानाचे वर्णन. वयाच्या तिशीच्या आत, नोकरी सांभाळत लिहिलेले. मांडणी साधी आहे. पहिल्या भागात संस्थानाची ओळख: सीमा, नद्या, शहरे, खेडी, जमीन, लोकांचे धंदे. दुसऱ्यात राज्यकारभार, धार्मिक आणि ऐहिक. तिसऱ्यात संस्थानिकाची स्वतःची मालमत्ता आणि उत्पन्न: शेतजमिनी, जंगल, शिकार, खाणी, टांकसाळ, जकात.

याआधी राजनीतीवर लिहिणारे लॅटिनमध्ये लिहीत, ॲरिस्टॉटलपासून सुरुवात करत आणि आदर्श राजा कसा असावा ते सांगत. झेकेनडोर्फ उलट्या टोकाने निघतो. तो विचारतो, तुझ्या राज्यात नेमके काय काय आहे, ते तुला ठाऊक आहे का? मग, ते कोण सांभाळतो? त्याला पगार किती, त्याच्यावर देखरेख कुणाची? दरबारातल्या स्वयंपाकघरापासून तबेल्यापर्यंतची व्यवस्थाही या चौकटीत येते. प्रत्यक्ष काम केलेल्या माणसाचे हे लिखाण आहे हे पानोपानी जाणवते, आणि ते जर्मनमध्ये असल्यामुळे तालुक्याच्या कारकुनालाही वाचता येत होते.

१६६५ च्या आवृत्तीला त्याने पुरवणी जोडली. आवृत्त्या १७५४ पर्यंत निघत राहिल्या आणि अठराव्या शतकात विद्यापीठांमध्ये हा ग्रंथ शिकवला जात होता. १७२७ मध्ये हालेत राज्याच्या अर्थकारणाचे स्वतंत्र अध्यासन सुरू झाले. त्या विद्याशाखेचा पाया घालणाऱ्यांत झेकेनडोर्फचे नाव नेहमी पहिल्या काहींत घेतले जाते.

तो राजाच्या अमर्याद सत्तेच्या बाजूचा होता की विरोधात?

विरोधात, पण बंडाच्या बाजूचाही नव्हता. त्याच्या मते संस्थानिकाची सत्ता देवाने दिलेली आहे, आणि नेमके म्हणूनच तिला मर्यादा आहेत. साम्राज्याचे कायदे, संस्थानातल्या सरदार-शहरांच्या सभेचे जुने हक्क, प्रजेची मालमत्ता, यांपैकी काहीही त्याला वाटेल तसे मोडता येत नाही. प्रजा गुलाम नाही, आणि राज्य ही संस्थानिकाची खासगी चैनीची वस्तू नाही. सल्लागाराचे काम हुजरेगिरी नाही. चुकते आहे असे दिसले तर आदर राखून, पण स्पष्ट सांगायचे.

सम्राटापासून खेड्यातल्या पाद्र्यापर्यंत प्रत्येकाला त्याने कर्तव्यांच्या एका साखळीत बसवले. त्यात आजच्या अर्थाने लोकशाही शोधू नका, ती तिथे नाही. पण १६५६ मध्ये, फ्रान्सच्या झगमगाटाने जर्मन संस्थानिकांचे डोळे दिपायला लागले होते त्या काळात, पगारदार नोकराने आपल्या मालकाच्या हक्कांची हद्द कागदावर आखून द्यावी आणि मालकाने त्याला पुढे बढती द्यावी, हे मला त्या शतकातल्या कित्येक लढायांपेक्षा मोठे वाटते.

चॅन्सेलर झाला आणि लगेच गोथा सोडले. भांडण झाले का?

नाही. दोघांचे संबंध शेवटपर्यंत चांगले राहिले. कारण होते कामाचा भार. एर्न्स्ट स्वतः अहोरात्र राबणारा, बारीकसारीक गोष्टीत लक्ष घालणारा ड्यूक होता, आणि अशा मालकाचा सर्वांत विश्वासू माणूस असणे म्हणजे उसंत नसणे. गोथात ज्याच्यावर भरवसा बसला त्याच्याकडे आणखी एक काम येई. १६६४ अखेर तो त्साइट्सला गेला तो हे ओझे थोडे हलके व्हावे म्हणून.

मग त्साइट्सला काम कमी झाले का?

पदे पाहता फारसे नाही: चॅन्सेलर आणि वर चर्च-मंडळाचे अध्यक्षपद. संस्थान मात्र लहान आणि नवे होते. सॅक्सनीचा इलेक्टर योहान गेओर्ग पहिला १६५६ मध्ये वारला. त्याच्या मृत्युपत्राप्रमाणे धाकट्या मुलांना वाटे मिळाले, त्यातून मोरित्सचे त्साइट्स निर्माण झाले. मोरित्सबुर्ग नावाचा नवा राजवाडा तेव्हा उभा राहत होता. नव्या संस्थानाला अनुभवी हात हवे होते. झेकेनडोर्फने सतरा वर्षे तिथे काढली, म्हणजे गोथातल्या नोकरीइतकाच हा काळ आहे. चरित्रकार त्याची दोन वाक्यांत बोळवण करतात, ते मला पटत नाही.

प्रशियाच्या दरबारातला फील्ड मार्शल झेकेनडोर्फ तो हाच का?

नाही, ही गल्लत फार होते. फील्ड मार्शल फ्रीडरिख हाइनरिख फॉन झेकेनडोर्फ (१६७३–१७६३) हा याचा पुतण्या. सम्राटाचा सेनापती, बर्लिनच्या दरबारातला मुत्सद्दी, प्रशियाचा राजा फ्रीडरिख विल्हेल्म पहिला याच्या बैठकीतला माणूस. त्याचे पालनपोषण काकाच्या देखरेखीखाली झाले आणि मॉइझेलवित्स पुढे त्याच्याकडे आले. बर्लिनच्या कारस्थानांत झेकेनडोर्फ हे नाव वाचलेत तर तो पुतण्या आहे असे समजा.

मेंबूर कोण, आणि त्याला उत्तर द्यायला इतकी वर्षे का लागली?

लुई मेंबूर हा फ्रेंच जेझुइट, म्हणजे एका कॅथलिक धर्मसंघाचा पाद्री. १६८० मध्ये त्याने पॅरिसहून प्रोटेस्टंट धर्मसुधारक ल्यूथरच्या पंथाचा इतिहास प्रसिद्ध केला, अर्थातच कॅथलिक बाजूने. झेकेनडोर्फ निवृत्त झाला आणि मॉइझेलवित्सला बसून त्याने उत्तर लिहायला घेतले. नुसती टीका लिहिली असती तर वर्षभरात झाले असते. त्याने मेंबूरचा मजकूर लॅटिनमध्ये आणून तुकड्यातुकड्याने समोर ठेवला आणि प्रत्येक तुकड्याखाली सॅक्सन दप्तरखान्यांतली मूळ पत्रे, आज्ञा, इतिवृत्ते मांडली. पहिला भाग १६८८ मध्ये आला, संपूर्ण ग्रंथ १६९२ मध्ये लाइपत्सिगहून. मेंबूर १६८६ मध्येच वारला होता, त्यामुळे वाद समोरासमोर झालाच नाही.

बाजू घेऊन लिहिलेला ग्रंथ आहे, हे तो लपवत नाही. पण धर्मसुधारणेच्या अभ्यासकांना तो पुढेही लागत राहिला, तो त्यातल्या कागदपत्रांसाठी. वाद शिळा झाला, अस्सल कागद शिळे होत नाहीत.

तो पिएटिस्ट होता का?

पूर्णपणे म्हणता येणार नाही. पिएटिझम ही ल्यूथरपंथी चर्चमधली, आचरणावर भर देणारी सुधारणेची चळवळ; तिचा प्रवर्तक फिलिप याकोब श्पेनर याच्याशी त्याचा स्नेह होता. चर्चमध्ये नुसते सिद्धान्त नकोत, वागणुकीत धर्म उतरला पाहिजे, हे श्पेनरचे म्हणणे त्याला मान्य होते, आणि १६८५ च्या त्याच्या 'क्रिस्टेनश्टाट' या ग्रंथात ते दिसते. पण चर्चची शिस्त मोडून वेगळे गट करणे त्याला मान्य नव्हते. चळवळीचा मित्र म्हणा, अनुयायी म्हणू नका.

हालेचे विद्यापीठ १६९४ मध्ये सुरू झाले. मग १६९२ मध्ये वारलेला माणूस तिथला चॅन्सेलर कसा?

विद्यापीठाचे औपचारिक उद्घाटन जुलै १६९४ मध्ये झाले, पण व्याख्याने आणि नेमणुका त्याआधीच सुरू झाल्या होत्या. ब्रांडेनबुर्गचा इलेक्टर फ्रीडरिख तिसरा याला मान्यवर, सर्व पक्षांना चालेल असा माणूस हवा होता. १६९२ मध्येच पिएटिस्ट आउगुस्ट हेरमान फ्रांके हालेजवळच्या ग्लाउखा गावी पाद्री म्हणून आला होता आणि शहरातल्या जुन्या वळणाच्या पाद्र्यांशी त्याचे जोरात वाजले होते. चॅन्सेलर म्हणून आलेल्या झेकेनडोर्फपुढे पहिलेच काम होते ते हे भांडण मिटवायचे. चौकशी समितीच्या बैठका झाल्या, नोव्हेंबरमध्ये तडजोड घडली. डिसेंबरमध्ये तो गेला. काही आठवड्यांचा चॅन्सेलर, पण फ्रांकेला हालेत टिकून काम करता आले त्यात या तडजोडीचा हात आहे, आणि पुढे फ्रांकेने तिथे अनाथालय व शाळा उभारल्या.

एकाच वेळी दोन-दोन संस्थानांची कामे करणे चालत होते का? निष्ठेचा प्रश्न येत नसे?

चालत होते, पण अटी होत्या. येनाचे न्यायालय एर्नेस्टाइन ड्यूकांचे सामाईक होते, त्यामुळे गोथाचा अधिकारी तिथे न्यायाधीश होणे स्वाभाविकच. आल्टेनबुर्गची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. तिथले राजघराणे १६७२ मध्ये निपुत्रिक संपले आणि प्रदेशाचा मोठा भाग गोथाकडे आला. १६७७ मध्ये झेकेनडोर्फने त्याच प्रदेशात मॉइझेलवित्स विकत घेतले. म्हणजे तो जमीनदार म्हणून गोथाच्या छत्राखाली आणि नोकर म्हणून त्साइट्सचा. जमिनीमुळे आल्टेनबुर्गच्या सभेत त्याला स्थान होते, आणि तिथल्या करांची देखरेखही त्याच्याकडे आली. नव्या मालकाची संमती असली आणि दोन दरबारांत दावा चालू नसला, तर कुणाची हरकत नसे.

आज तिथे गेलो तर पाहण्यासारखे काय आहे?

गोथाचा फ्रीडेनश्टाइन राजवाडा भक्कम उभा आहे आणि त्यातले ग्रंथालय अभ्यासकांसाठी खुले आहे. त्साइट्सचा मोरित्सबुर्गही पाहता येतो. मॉइझेलवित्सचा वाडा मात्र दुसऱ्या महायुद्धाने गिळला. बागेतली ऑरेंजरी (संत्र्यासारखी झाडे थंडीत जपण्याची इमारत) शिल्लक आहे, पण ती पुतण्याच्या काळातली.

वेगवेगळ्या पुस्तकांत त्याच्याशी संबंधित तारखा दहा दिवसांनी पुढेमागे का दिसतात?

कारण दोन पंचांगे. पोप ग्रेगरीने १५८२ मध्ये सुधारलेले पंचांग कॅथलिक संस्थानांनी घेतले, प्रोटेस्टंट संस्थाने १७०० पर्यंत जुन्यावरच राहिली. सतराव्या शतकात दोहोंत दहा दिवसांचा फरक होता. शेजारच्या दोन गावांत एकच दिवस दोन तारखांचा असू शके, म्हणून पत्रांवर कधी कधी दोन्ही तारखा एकावर एक लिहीत. इथे दिलेल्या जन्ममृत्यूच्या तारखा चरित्रांत रूढ असलेल्याच आहेत. एखाद्या मूळ पत्राची तारीख त्यांच्याशी ताडून पाहायची असेल, तर ते पत्र कोणत्या संस्थानातून लिहिले गेले ते आधी तपासा.